पेपरातलं रेसिंगचं पान कुठे गेलं आणि सोबत काय घेऊन गेलं

प्रश्न असा आहे की एकेकाळी पेपरात घोड्यांच्या शर्यतींना रोज जागा असायची, कार्ड (कुठल्या शर्यतीत कोणते घोडे, कोणता जॉकी, किती वजन याचा तक्ता), टिप्स, निकाल, एखादा स्तंभ, आणि आता मोठी डर्बी सोडली तर दोन ओळी पण दिसत नाहीत, तर हे वाचक कमी झाले म्हणून झालं की पेपरवाल्यांनीच हात वर केले, आणि सगळं मोबाईलवर मिळत असताना याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण आहे का. मी क्रीडा डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यातली पुष्कळशी रेसिंगचं पान लावण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. घाईत असाल तर एवढंच वाचा: वाचक कमी झाले हे खरंय पण ते दुसऱ्या नंबरचं कारण. पहिलं कारण हे की पेपरातलं रेसिंग मुळात बातमीसाठी विकलं जात नव्हतं, ते आकड्यांसाठी विकलं जायचं, आणि त्या आकड्यांच्या जिवावर बातमीदार पोसला जायचा. आकडे दुसरीकडे गेले, मग बातमीदाराचा पगार कुठल्या खात्यावर टाकायचा हे कोणालाच सांगता येईना.

हे आकडे म्हणजे नेमकं काय ते एकदा जवळून बघू, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. ब्रिटिश पद्धतीच्या कार्डात घोड्याच्या नावाआधी एक बारीक ओळ असते, समजा २१-३पी०. ही डावीकडून वाचायची, सगळ्यात उजवीकडची खूण म्हणजे सगळ्यात ताजी शर्यत. म्हणजे हा घोडा एकदा दुसरा आला, मग जिंकला, आडवी रेघ आली म्हणजे तिथे मोसम बदलला, नव्या मोसमात तिसरा आला, मग पी म्हणजे जॉकीने मधेच लगाम खेचून त्याला थांबवलं, आणि शेवटचं शून्य म्हणजे पहिल्या नऊतही नव्हता. एफ असेल तर घोडा पडला, यू असेल तर घोडा उभा आणि जॉकी जमिनीवर, तिरकी रेघ असेल तर मधला अख्खा मोसम तो धावलाच नाही. मुरलेला पंटर, म्हणजे पैसे लावणारा, एवढ्यावरून क्षणात आडाखा बांधतो, की याच्यात जिंकायची ताकद आहे पण या मोसमात काहीतरी बिनसलंय, पाय असेल, श्वास असेल, किंवा काहीच बिनसलेलं नाही आणि हँडिकॅपरने, म्हणजे कुठल्या घोड्यावर किती वजन द्यायचं ते ठरवणाऱ्याने, रेटिंग खाली आणावं, पाठीवरचं वजन कमी व्हावं म्हणून ट्रेनर थांबलाय, आणि आज अचानक मोठा जॉकी बसवलाय म्हणजे आज घोड्याला खरंच पळवणार आहेत. हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेत. या एका ओळीसाठी माणसं पेपर विकत घ्यायची. वरचा माझा मथळा आणि सहकाऱ्याने रक्त आटवून लिहिलेली बातमी त्यांनी वाचली तर वाचली.

अमेरिकेत हेच काम आणखी तपशिलात झालं. १८९४ साली शिकागोत फ्रँक ब्रुनेल या माणसाने डेली रेसिंग फॉर्म काढला, आधी तो शिकागो ट्रिब्यूनमध्ये क्रीडा संपादक होता. पुढे या पेपरात प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती एकेका ओळीत छापल्या जायला लागल्या, तारीख, ट्रॅक, अंतर, टप्प्याटप्प्याची वेळ, प्रत्येक टप्प्याला घोडा कितवा होता आणि किती लांबी (एक लांबी म्हणजे एका घोड्याइतकं अंतर) मागे होता, जॉकी, वजन, भाव (लावलेल्या पैशाला किती मिळणार तो दर), आणि शेवटी दोन-तीन शब्दांचा शेरा. हे गोळा करायला ट्रॅकवर चार्ट कॉलर नावाचा माणूस बसायचा. दुर्बीण डोळ्याला, शेजारी लिहिणारा. घोडे पाव मैलाच्या खांबापाशी आले की हा धडाधड बोलणार, चार नंबर अर्ध्या लांबीने, सात नंबर मानेने, दोन नंबर दीड लांबी, असं शेवटच्या घोड्यापर्यंत, की लगेच पुढचा खांब. सहा फर्लांगची, म्हणजे पाऊण मैलाची, शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते आणि तेवढ्यात अख्खं मैदान तीन-चार वेळा मोजून व्हायला पाहिजे. ज्याने हे काम जवळून पाहिलंय त्याला कळतं की रेसिंगचं पान स्वस्त कधीच नव्हतं, ते फक्त वाचणाऱ्याला स्वस्त मिळायचं.

आणि छापील कार्डावर लोकांचा विश्वास किती होता याचा एक किस्सा सांगतोच, कारण मला तो फार आवडतो. १ ऑगस्ट १८९८, इंग्लंडात बँक हॉलिडे, सुट्टीमुळे जागोजागी शर्यती. लंडनच्या द स्पोर्ट्समन या पेपरकडे कॉर्नवॉलमधल्या ट्रॉडमोर नावाच्या गावच्या शर्यतींचं कार्ड आलं, डेस्कने छापलं. नंतर निकालही आला, तोही छापला. बुकींनी छापील निकाल बघून पैसे चुकते केले. मग स्पोर्टिंग लाइफनेही तो निकाल घेतला पण रीपर नावाच्या घोड्याचा भाव पाचास एकच्या जागी पाचास दोन छापला गेला, मग खरा भाव कुठला हे बघायला कोणीतरी शोधाशोध केली, आणि कळलं की ट्रॉडमोर नावाचं गावच नाही. रेसकोर्स नाही, घोडे नाहीत, काहीच नाही. हे करणारे कधीच सापडले नाहीत, बहुतेक पेपरांच्या आतली व्यवस्था माहीत असलेली माणसं असणार असा कयास आहे आणि माझाही तोच आहे, कारण सुट्टीच्या दिवशी डेस्कवर माणसं कमी असतात हे बाहेरच्याला इतकं नेमकं कळत नाही. मुद्दा असा की पेपरात आलं म्हणजे शर्यत झाली, एवढी त्या कागदाची पत होती. बुकी आणि पंटर यांच्यातला पंच पेपर होता. लंडनच्या रेसिंग पेपरांचे वार्ताहर बुकींच्या फळ्यांवरचे भाव बघून स्टार्टिंग प्राइस, म्हणजे शर्यत सुटतानाचा भाव, ठरवायचे आणि देशभरातल्या बेटचा हिशोब त्या भावावर व्हायचा.

संध्याकाळचे पेपर तर जवळजवळ निकालांवरच जगले. छापताना पानावर एक रिकामी चौकट सोडायची, स्टॉप प्रेस, आणि तारेने निकाल आला की तेवढाच त्या चौकटीत मारून गठ्ठे बाहेर. अमेरिकेत याच्यापुढे मजल गेली. डेली रेसिंग फॉर्म १९२२ मध्ये मोझेस अ‍ॅनेनबर्गने विकत घेतला आणि नंतर बुकींना तारेवरून निकाल पुरवायचा धंदाही त्याच्याच हातात आला. १९३९ मध्ये आयकराच्या खटल्यात अडकल्यावर त्याने तो तारेचा धंदा सोडला, पुढच्या वर्षी तुरुंगात गेला. त्याचा मुलगा वॉल्टर पुढे ब्रिटनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, आणि १९८८ मध्ये त्याने सगळा कारभार, त्यात रेसिंग फॉर्मही आला, रुपर्ट मर्डॉकला सुमारे ३ अब्ज डॉलरला विकला. म्हणून कोणी जुन्या रेसिंग पानाबद्दल फार हळवं होऊन बोलायला लागलं की मी जरा थांबवतो. तो जुगाराच्या यंत्रणेचा एक भाग होता, उघडउघड. पण त्याच भागाला एक बातमीदार जोडलेला होता, आणि तो मात्र पेपरचा माणूस होता, बुकीचा नाही.

बरं, आता हे सुटलं कसं. छपाईचं गणित आधी घ्या. पेपरात निकाल आणि कार्डं ज्या बारीक टायपात जातात त्याला अमेरिकेत अ‍ॅगेट म्हणतात, साडेपाच पॉइंट, कॉलमच्या एका इंचात १४ ओळी. इतक्या बारीक टायपातही एका ट्रॅकचं पूर्ण कार्ड टाकलं की जागा भराभर जाते, आणि एखाद्या दिवशी पाच ठिकाणी शर्यती असल्या तर पान संपलं. ते पान रोज नव्याने लावायचं, प्रत्येक आकडा तपासायचा, एका घोड्याचं वजन चुकलं की दुसऱ्या दिवशी फोन वाजायचे थांबत नाहीत, आणि त्या पानावर जाहिरात कोणाची, तर बुकींची. दुसऱ्या कोणाला तिथे यायचं नसतं. २०००नंतर न्यूजप्रिंटचा खर्च अंगावर यायला लागला तेव्हा मॅनेजमेंटने आधी कुठे कात्री लावली, तर शेअरबाजाराचे तक्ते. न्यूयॉर्क टाइम्सने २००६ मध्ये रोजचे बहुतेक शेअर तक्ते बंद केले, इतरांनीही त्याच सुमारास. कारण साधं होतं, सकाळी छापून आलेला कालचा भाव कोणाला हवाय. आणि एकदा शेअरचे तक्ते गेले की रेसिंगचं कार्ड वाचवायला मीटिंगमध्ये काही बोलताच येत नाही, कारण दोन्हींचं दुखणं एकच. रात्री पान सोडलं, सकाळी दोन घोडे काढून घेतले, पाऊस पडून ट्रॅक जड झाला, जॉकी बदलला, की छापलेल्या कार्डाचा निम्मा अर्थ गेला. पूर्वीही हे व्हायचं, पण तेव्हा दुसरं साधन नव्हतं. आता फोनवर दर मिनिटाला भाव हलताना दिसतो. २००० साली बेटफेअरसारखं एक्स्चेंज आलं, जिथे पंटरच पंटरला भाव देतो, त्यानंतर तर छापील भावाला कोणी विचारेना.

याच्या जोडीला मक्तेदारी गेली, हे लोक विसरतात. बऱ्याच देशांत कितीतरी वर्षं कायद्याने पैसे लावायचे तर जवळजवळ एकच जागा होती, घोडे. अमेरिकेत १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरने राज्याची लॉटरी काढली, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं, १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो उघडला, आणि मे २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने इतर खेळांवरच्या बेटिंगवरची केंद्रीय बंदी उडवली. ब्रिटनमध्ये १९९४ ला नॅशनल लॉटरी आली, नंतर फोनवर फुटबॉल. ज्याला नुसतेच पैसे लावायचेत त्याला आता २१-३पी० वाचायला शिकायची गरज उरली नाही. ती ओळ वाचायला शिकायला वेळ लागतो, कोणीतरी शिकवायला लागतं, आणि बहुतेकांना ते शिकवणारा म्हणजे घरातला किंवा ओळखीचा एखादा पेपर पसरून बसलेला माणूस असायचा. त्यामुळे पान आणि वाचक यात आधी कोण गेलं हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. पान गेल्यावर नवा वाचक तयार होणं थांबलं, आणि वाचक कमी झाले म्हणून पुढच्या वर्षी पान आणखी कमी करायला कारण मिळालं.

नुसत्या रेसिंगचेच जे पेपर होते त्यांचंही बघा. ब्रिटनमध्ये स्पोर्टिंग लाइफ १८५९ पासूनचा. १९६१ मध्ये तिथे बेटिंग शॉप कायदेशीर झाली आणि प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर पेपरची पानं टाचायची पद्धत पडली, म्हणजे दुकानदार हाच मोठा गिऱ्हाईक. मँचेस्टरचा स्पोर्टिंग क्रॉनिकल १९८३ ला बंद पडला, १९८६ ला दुबईचे शेख मोहम्मद यांच्या पैशांवर रेसिंग पोस्ट निघाला, बारा वर्षं दोघांची झुंज चालली आणि १९९८ मध्ये स्पोर्टिंग लाइफची छपाई थांबली. अमेरिकेत न्यूयॉर्कचा मॉर्निंग टेलिग्राफ १९७२ च्या संपात गेला. १९९१ मध्ये ब्रिटिश पेपरमालक रॉबर्ट मॅक्सवेलने डेली रेसिंग फॉर्मला टक्कर द्यायला रेसिंग टाइम्स काढला, संपादक स्टीव्हन क्रिस्ट, जो आधी न्यूयॉर्क टाइम्सचा रेसिंग बातमीदार होता. पेपर चांगला होता, सगळे म्हणायचे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मॅक्सवेल बोटीवरून समुद्रात पडून गेला, त्याच्या साम्राज्याची दिवाळखोरी उघडी पडली, आणि १९९२ च्या सुरुवातीला रेसिंग टाइम्स बंद.

साध्या, सर्वसाधारण पेपरांत रेसिंगचा माणूस असण्याचा फायदा काय व्हायचा, तर अँड्र्यू बेयरचं उदाहरण घ्या. हा वॉशिंग्टन पोस्टचा स्तंभलेखक, स्वतः पैसे लावणारा, आणि ते लपवायचा नाही. त्याने स्पीड फिगर नावाची पद्धत लोकांपुढे आणली, म्हणजे नुसती वेळ बघायची नाही, त्या दिवशी ट्रॅक किती वेगवान होता ते काढून वेळ दुरुस्त करायची आणि मग घोड्याला एक आकडा द्यायचा, की वेगळ्या ट्रॅकवरचे, वेगळ्या अंतराचे दोन घोडे समोरासमोर ठेवता येतील. हे आकडे आधी त्या रेसिंग टाइम्समध्ये छापले गेले आणि तो बुडाल्यावर डेली रेसिंग फॉर्ममध्ये, आजही अमेरिकेत तेच चालतात. खेळातलं इतकं मोठं साधन एका सामान्य पेपरच्या स्तंभलेखकाकडून आलं, हे आज सांगितलं तर पोरं हसतील.

दुसरा विल्यम नॅक. न्यूजडे या पेपरात राजकारण आणि पर्यावरणाच्या बातम्या करायचा. १९७१ च्या ख्रिसमस पार्टीत टेबलावर चढून त्याने १८७५ पासूनच्या केंटकी डर्बीच्या सगळ्या विजेत्यांची नावं म्हणून दाखवली, संपादक चाट पडला आणि त्याला रेसिंग दिलं. लगेच पुढे सेक्रेटेरिएट हा घोडा आला आणि नॅक सकाळ-सकाळी त्याच्या तबेल्यात हजर असायचा, घोडा काय खातो, ग्रूम (मोतद्दार) काय बोलतो, कालच्या गॅलपनंतर (सरावाच्या धावेनंतर) कसा श्वास घेतोय. जून १९७३ मध्ये तो घोडा एकाच आठवड्यात टाइम, न्यूजवीक आणि स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड तिघांच्या कव्हरवर होता, आणि मग बेलमाँट ही शर्यत ३१ लांबींनी २ मिनिटं २४ सेकंदांत जिंकला, २५ वर्षांनी ट्रिपल क्राउन, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही एकाच वर्षी. त्या दिवशी तिथे शेकडो लिहिणारे होते. पण त्याच्या आधीच्या साध्या मंगळवारी, जेव्हा बातमी काहीच नव्हती, तेव्हा तबेल्यात कोण होतं हा प्रश्न आहे, आणि तिथे जो होता त्याला तिथे रोज पाठवणं पेपरला परवडत होतं कारण मागच्या पानावर कार्ड होतं.

आता उलटी गत. २०१५ ला अमेरिकन फरोआने ३७ वर्षांनी ट्रिपल क्राउन मारला, सगळीकडे पहिल्या पानावर, आणि पंधरा दिवसांत पुन्हा सामसूम. मधल्या काळात पेपरात रेसिंग येतं ते मरणाच्या बातमीने. २०१९ च्या पहिल्या सहामाहीत कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे मेले तेव्हा टीव्हीच्या गाड्या दारात उभ्या, २०२३ मध्ये केंटकी डर्बीच्या आठवड्यात डर्बीच्याच मैदानावर, चर्चिल डाउन्सला, घोडे मेले तेव्हाही. ह्या बातम्या याव्यातच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या बातमीदाराने आयुष्यात ट्रॅकवर पाय ठेवला नाही तो आकडा देतो आणि निघून जातो, त्याला हे विचारायचं सुचत नाही की या घोड्याने मागच्या दोन महिन्यांत किती वेळा धाव घेतली, क्लेमिंग शर्यतीत (जिथे धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला विकत घेता येतो) तो किती हात बदलून आला, आणि इतक्या खालच्या दर्जाच्या शर्यतीत बक्षीस घोड्याच्या किमतीपेक्षा मोठं का आहे. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. रेसकोर्सला जोडलेल्या कॅसिनोच्या पैशाने बक्षीस फुगलं की दुखऱ्या घोड्यालाही पळवण्यात फायदा दिसायला लागतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मोठी मालिका केली, अमेरिकेच्या ट्रॅकवर आठवड्याला सरासरी २४ घोडे मरतात हे दाखवलं, आणि त्यात हे बक्षिसांचं गणितही होतं, कारण त्या टीममध्ये जो ड्रेपसारखा वर्षानुवर्षं रेसिंग करणारा बातमीदार होता. त्याच पेपरने २०२३ मध्ये स्वतःचा क्रीडा विभागच बंद केला आणि खेळाचं काम विकत घेतलेल्या द अ‍ॅथलेटिककडे दिलं.

२०२० च्या मार्चमध्ये होर्हे नवारो आणि जेसन सर्व्हिस या ट्रेनरांसकट दोन डझनांहून जास्त लोकांवर अमेरिकेत डोपिंगचे आरोप लागले, दोघेही पुढे तुरुंगात गेले. ते पकडले गेले एफबीआयने फोन ऐकले म्हणून. जिंकण्याचं प्रमाण तर सगळ्यांना दिसत होतं, प्रत्येक कार्डावर ट्रेनरच्या नावापुढे टक्केवारी छापलेलीच असते, पण ती टक्केवारी बघून फोन फिरवायला आणि वकिलाची नोटीस आली तर मागे उभं राहायला एक पेपर लागतो. रेसिंगच्या धंद्यातली जी मासिकं आणि साइट्स आहेत त्यांच्यात चांगले लोक आहेत, काहींनी धाडसाने लिहिलंयही, पण त्यांची जाहिरात स्टड फार्मची, लिलाव कंपनीची, नाहीतर बुकीची. ज्याच्या घोड्याबद्दल लिहायचं त्याचीच जाहिरात शेजारच्या पानावर.

मोबाईलवर सगळं मिळतं हे बरोबर, किंबहुना पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, रिप्ले बघता येतात, जे आम्हाला तेव्हा मिळाले असते तर आम्ही काय काय केलं असतं. पण ते देतो कोण ते बघा. अमेरिकेत १९९० मध्ये रेसकोर्स आणि जॉकी क्लब (घोड्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) यांनी मिळून इक्विबेस काढलं, नंतर चार्ट गोळा करण्याचं काम पूर्ण त्यांच्याकडे गेलं, म्हणजे खेळाची नोंद आता खेळ चालवणाराच ठेवतो आणि घोड्यांची पूर्ण कुंडली पैसे घेऊन विकतो. बेसबॉलचे शंभर वर्षांचे आकडे कोणीही फुकट उघडून बसतो, त्यावर पोरं ब्लॉग लिहितात, त्यातून नवीन विश्लेषक निघतात, आणि इथे नवशिक्याला दारातच पाकीट काढायला सांगतात. माझ्या मते रेसिंगने पेपरांना दोष देण्याआधी हे बघायला हवं होतं. हाँगकाँगच्या जॉकी क्लबने आपली सगळी माहिती साइटवर फुकट ठेवली आणि तिथे धंदा काही बुडाला नाही.

आणि उरलेली माहिती येते बेटिंग अ‍ॅपमधून. तिथे टिप आहे, टिपच्या शेजारी बटण आहे, बटण दाबलं की पैसे लागले. पूर्वी पेपरातही टिप्स असायच्याच, ब्रिटिश पेपरांत तर टिपस्टरची नावं ठरलेली, मिररचा न्यूजबॉय, मेलचा रॉबिन गुडफेलो, टेलिग्राफचा हॉटस्पर, माणूस बदलला तरी नाव तेच, आणि दिवसाची सगळ्यात खात्रीची टिप म्हणजे नॅप. गंमत म्हणजे त्यांच्या नॅपचा तक्ताही छापला जायचा, कोण किती नफ्यात, कोण किती खड्ड्यात, सगळ्यांसमोर. टिपस्टर हरला तर पेपरची लाज जायची. अ‍ॅपवरच्या टिपवाल्याचं तसं नाही, तुम्ही हरलात तरी ज्याने त्याला पगार दिला त्याचा फायदाच आहे. जून २०२३ पासून गार्डियनने जुगाराच्या जाहिराती घेणं बंद केलं. तत्त्व म्हणून मला ते पटतं, पण रेसिंगच्या पानाला दुसरी जाहिरातच नसते हेही तितकंच खरं, तेव्हा ज्याला स्वच्छ राहायचंय त्याला ते पान स्वतःच्या खिशातून चालवावं लागतं.

रेसकोर्सच बंद होतायत तो वेगळाच विषय, त्यात फार शिरत नाही. हॉलिवूड पार्क २०१३, शिकागोजवळचं आर्लिंग्टन २०२१, २०२४ मध्ये गोल्डन गेट फील्ड्स, मकाव आणि सिंगापूर तिन्ही. शहरातल्या एवढ्या मोठ्या जमिनीची किंमत तिकिटांतून आणि बेटमधून निघत नाही. कोर्स गेला की तिथल्या पेपरला तो विषय ठेवायचं कारणच उरत नाही.

मग सगळीकडे असंच झालं का, तर नाही, आणि जपानकडे बघितलं की ते कळतं. तिथे क्रीडा दैनिकांत रेसिंगची पानं अजून आहेत, रंगीत, ठसठशीत, आणि नुसत्या रेसिंगचे पेपरही विकले जातात. त्यांचं कार्ड बघण्यासारखं असतं, प्रत्येक घोड्याच्या रांगेत वेगवेगळ्या जाणकारांच्या खुणा, दुहेरी वर्तुळ म्हणजे पहिली पसंती, साधं वर्तुळ म्हणजे त्याला टक्कर देणारा, काळा त्रिकोण म्हणजे धक्का देऊ शकेल असा, आणि एका नजरेत कळतं की पाच जण एका घोड्यावर ठाम आहेत आणि सहावा एकटाच भलतीकडे आहे. त्या सहाव्याची टिप्पणी लोक आधी वाचतात. तिथेही खप घसरतोय, पण पान टिकलं कारण तिथे घोडा हा खेळाडू म्हणून विकला गेला, त्याच्या सकाळच्या गॅलपची, तब्येतीची बातमी रोज येते, डर्बीची वाट बघत नाहीत. फ्रान्समध्ये १९५४ ला तिएर्से आला, पहिले तीन घोडे ओळखायचे, तेव्हापासून साधे पेपरही त्याचे अंदाज छापत आले. तरी २०२० मध्ये पारी-तुर्फ हा तिथला मुख्य रेसिंग पेपर पैशांच्या अडचणीमुळे कोर्टाच्या दारात गेलाच आणि नव्या मालकांनी तो उचलला.

तेव्हा परत येईल का, तर रोजचं छापील कार्ड येणार नाही आणि यायचं कारणही नाही, ते फोनवर जास्त चांगलं दिसतं. येऊ शकतो तो बातमीदार, पण त्याचा पगार आता वाचकाने थेट द्यावा लागेल, कार्डाच्या आडून मिळणार नाही. काहीजण वर्गणीवर असं लिहितायत आणि त्यातलं काही खरंच उत्तम आहे. तुम्ही वाचत असाल तर निवडताना एवढं बघा: लेखाच्या शेवटी बेट लावायची लिंक आहे का, लिहिणारा हरलेल्या टिप्सचा हिशोब ठेवतो का, आणि घोडा मेला किंवा ट्रेनर पकडला गेला त्या आठवड्यात त्याने त्याबद्दल लिहिलं की सरळ पुढच्या शनिवारच्या फेवरिटवर गेला.